इंग्रजींतील तुलना : ‘पेक्षां’ आणि ‘दॅन’

एखादा मुलगा नोकरीसाठीं अर्ज करूं लागला म्हणजे तो शिफारसपत्र मागावयास आपल्या जुन्या मास्तरांकडे जातो. मास्तर मोठ्या मायेनें इंग्रजींत लिहून देतात : ‘ही इज इंटेलिजंट दॅन एनी बॉय इन द क्लास.’ त्यांच्या मनांतील अर्थ अगदीं उघड आहे. हा मुलगा वर्गांतील सर्व मुलांपेक्षां हुशार आहे, एवढेंच त्यांना सांगावयाचें आहे. परंतु हें पत्र ज्याच्या टेबलावर जाऊन पडतें, त्या इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला त्यांत दोन दोष दिसतात. ‘इंटेलिजंट’च्या मागें ‘मोअर’ नाहीं, हा पहिला. दुसरा असा कीं, हा मुलगा वर्गांतील ‘कोणत्याही’ मुलापेक्षां हुशार, आणि तो स्वतःही त्याच वर्गांतला. तेव्हां तो स्वतःपेक्षांही हुशार ठरला. पहिल्या दोषानें लिहिणाराचें इंग्रजी कच्चें दिसतें, दुसऱ्यानें त्याचा विचार कच्चा दिसतो, आणि दोहोंचेंही प्रायश्चित्त त्या निरपराध मुलाला भोगावें लागतें. हातानें लिहिलेल्या पत्राची जागा आतां संगणकावरच्या पत्रानें घेतली आहे; चूक मात्र तीच राहिली आहे.

पहिली चूक मराठी माणसाच्या हातून होते ती आळसानें नव्हे, मातृभाषेच्या संवयीनें होते. मराठी विशेषण तुलनेच्या वेळीं आपलें रूप बदलीत नाहीं. ‘उंच मुलगा’ म्हणा किंवा ‘गोविंदापेक्षां उंच मुलगा’ म्हणा, ‘उंच’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षां’ किंवा ‘हून’ उचलतो. ‘पेक्षां’ हा संस्कृत ‘अपेक्षा’ शब्दापासून आलेला. एकाकडे दृष्टि ठेवून दुसऱ्याविषयीं बोलावयाचें, हा त्याचा मूळ भाव. ‘अधिक’ हा शब्द विशेषणापूर्वीं घातला तर शोभतो, न घातला तरी कांहीं बिघडत नाहीं. इंग्रजींत तसें नाहीं. तेथें तुलना कावडीसारखी दोन टोंकांवर तोललेली असते. एका टोंकाला रूप बदललेलें विशेषण, म्हणजे ‘टॉलर’ किंवा ‘मोअर इंटेलिजंट’. दुसऱ्या टोंकाला ‘दॅन’ आणि ज्याच्याशीं तुलना करावयाची तो मनुष्य किंवा ती वस्तु. एका बाजूचा घडा भरावयाचा राहिला कीं कावड कलंडते. ‘टॉल दॅन गोविंद’ या शब्दांत दुसरा घडा भरलेला आहे, पहिला रिकामा आहे. मराठी कानाला तें जाणवत नाहीं, कारण त्याच्या घरीं पहिला घडा कधीं भरावाच लागत नाहीं.

हें एकदां पक्कें सांगितलें कीं विद्यार्थी दुसऱ्या टोंकाला जातो आणि पहिला घडा दोनदां भरतो. ‘मोअर टॉलर’, ‘मोअर बेटर’ हीं रूपें अशींच जन्मास येतात. तीं आज अशुद्ध आहेत याविषयीं वाद नाहीं. तरीसुद्धां त्यांना हंसणाऱ्यांनीं थोडें सबुरीनें घ्यावें. शेक्सपिअरच्या काळीं अशीं दुहेरी रूपें चालत असत. त्याच्या ‘ज्यूलियस सीझर’ नाटकांत अँटनीच्या तोंडीं एक दुहेरी तमवाचक विशेषण आहे आणि तें तेथें मोठें परिणामकारक झालें आहे. अठराव्या शतकांतील व्याकरणकारांनीं तीं रूपें अशुद्ध ठरविलीं आणि लिहिणाऱ्या समाजानें तो निवाडा मान्य केला. तथापि कांहीं गुन्हेगार निसटलेच. ‘निअर’ हें मुळांत ‘नाय’ या जुन्या विशेषणाचें तरवाचक रूप होय. लोक तें विसरले, त्यालाच साधें विशेषण समजले, आणि त्यावर पुन्हां प्रत्यय चढवून ‘निअरर’ करून बसले. ‘लेसर’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. हे दोन्ही शब्द आज राजमान्य आहेत.

आपल्या घरचीही स्थिति निराळी नाहीं. संस्कृतांत तुलनेचे प्रत्यय दोन प्रकारचे. ‘तर’ व ‘तम’ ही एक जोडी. आपला रोजचा ‘तारतम्य’ शब्द याच दोन प्रत्ययांपासून झालेला आहे. ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ ही दुसरी जोडी. लघु, लघीयस्, लघिष्ठ. गुरु, गरीयस्, गरिष्ठ. ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘बलिष्ठ’ हे सर्व शब्द मुळांत तमवाचकच आहेत. परंतु स्वयंपाकघरांत ‘आजचें जेवण गरिष्ठ झालें’ असें कोणी म्हटलें तर जगांतील सर्वांत जड अन्नाची गोष्ट चालली आहे असें कोणाला वाटत नाहीं. तमभावाची धार अशी बोथट झाल्यावर मराठी माणूस ‘सर्वश्रेष्ठ’, ‘श्रेष्ठतम’, ‘ज्येष्ठतम’ असें बेलाशक म्हणतो, आणि तें ‘मोस्ट बेस्ट’ म्हणण्यासारखेंच आहे. मौजेची गोष्ट अशी कीं, इंग्रजीचे ‘अर’ आणि ‘एस्ट’ हे प्रत्यय याच ‘ईयस्’ व ‘इष्ठ’ यांचे दूरचे भाऊबंद होत. इंग्रजी ‘स्वीट’ आणि संस्कृत ‘स्वादु’ हे शब्द एकाच कुळांतले. त्यामुळें ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ हे दोन्ही शब्द प्रकृति व प्रत्यय अशा उभय बाजूंनीं एकमेकांचे सोयरे ठरतात. म्हणजे इंग्रजी विशेषणाचें रूप बदलणें ही मराठी मुलाला परकी गोष्ट वाटते खरी, पण त्याच्या पणजोबांच्या घरीं ती चालत होती.

‘अर’ केव्हां लावावा आणि ‘मोअर’ केव्हां, हा प्रश्न त्या मानानें किरकोळ आहे. एका झटक्यांत उच्चारला जाणारा लहान शब्द ‘अर’ घेतो, लांबलचक शब्द ‘मोअर’ घेतो, आणि मधल्या शब्दांपैकीं ‘हॅपी’, ‘नॅरो’, ‘सिंपल’ यांसारखे बहुधा ‘अर’ घेतात. ‘राँग’, ‘टायर्ड’ हे शब्द लहान असूनही ‘मोअर’च मागतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर किंवा रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर ज्यांचें बालपण गेलें त्यांना हें सारें पाठ असतें. (यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत होते, आणि व्याकरणाबरोबरच ‘बो जेस्ट’ ही १९२४ सालची साहसकथाही त्यांचीच, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें.) एक बारकावा मात्र पुस्तकांतून पुष्कळदां निसटतो. एकाच माणसाच्या दोन गुणांची आपसांत तुलना करावयाची असेल तर लहान विशेषणालाही ‘मोअर’ लागतो. ‘ही इज मोअर ब्रेव्ह दॅन वाइज’, म्हणजे त्याच्या अंगीं शौर्य जितकें आहे तितकें शहाणपण नाहीं. येथें ‘ब्रेव्हर दॅन वाइज’ चालत नाहीं, कारण ‘ब्रेव्हर’ म्हटलें कीं वाचणारा दुसऱ्या माणसाची वाट पाहूं लागतो.

ही वाट पाहणें हेंच इंग्रजी तुलनेचें वर्म आहे. मराठींत ज्याच्याशीं तुलना करावयाची तो आधीं येतो, विशेषण मागून येतें, आणि नाम शेवटीं येतें : ‘गोविंदापेक्षां उंच मुलगा’. सगळा जथा एकत्र चालतो. इंग्रजींत याच जथ्याची फाळणी होते. विशेषण नामाच्या पुढें उभें राहतें आणि ‘दॅन गोविंद’ हे शब्द नामाच्या पाठीमागें जातात : ‘अ टॉलर बॉय दॅन गोविंद’. मराठी क्रमानें ‘अ टॉलर दॅन गोविंद बॉय’ असें लिहिलें तर तें इंग्रजी वाचकाच्या घशांत अडकतें. कांहीं ठराविक जोडशब्द याला अपवाद आहेत. ‘लार्जर-दॅन-लाइफ’ हा त्यांतला प्रसिद्ध. परंतु तेथें मध्यें जोडरेघा घालून सगळ्या शब्दांचा एकच शब्द केलेला असतो. जोडरेघा देण्याची वेळ येईल असें विशेषण नवशिक्यानें न वापरलेलेंच बरें.

फाळणी झालेल्या या दोन तुकड्यांत अंतर किती ठेवावयाचें, येथें लिहिणाराची खरी परीक्षा होते. बोलतांना आवाजाच्या चढउतारानें अंतर भरून निघतें. कागदावर तो आधार नसतो. ‘ही इज अ मोअर केअरफुल टीचर ऑफ मॅथेमॅटिक्स इन द लोअर क्लासेस ऑफ अवर स्कूल दॅन हिज ब्रदर’ असें वाक्य कोणी लिहिलें, तर ‘मोअर केअरफुल’पासून ‘दॅन’पर्यंत पोंचतां पोंचतां वाचणाराला दम लागतो, शिवाय ‘दॅन हिज ब्रदर’ हे शब्द ‘स्कूल’ला चिकटल्यासारखे दिसतात. उपाय सोपा आहे. शाळेची आणि वर्गांची माहिती आधीं सांगून टाकावी, आणि शेवटीं ‘ही इज मोअर केअरफुल दॅन हिज ब्रदर’ असे शब्द एकमेकांना लागून ठेवावे. नामाच्या पूर्वीं विशेषण ठेवलेंच पाहिजे असा कांहीं निर्बंध नाहीं. क्रियापदाच्या मागें तें आलें म्हणजे दोन्ही तुकडे आपोआप जवळ येतात, आणि मराठी लेखकाला सोयीचा मार्ग हाच आहे.

समानता दाखविणाऱ्या वाक्यांतही हीच फाळणी होते; तेथें ‘अ’ या चिमुकल्या शब्दाची जागाही बदलते. ‘तो आपल्या भावाइतकाच चांगला शिक्षक आहे’ याचें इंग्रजी ‘ही इज अ‍ॅज गुड अ टीचर अ‍ॅज हिज ब्रदर’. नेहमीं विशेषणापूर्वीं बसणारा ‘अ’ येथें विशेषण आणि नाम यांच्या मध्यें जाऊन बसतो. संवयीनें ‘अ‍ॅज अ गुड टीचर’ असें लिहिलें कीं वाचणाराला ‘एक चांगला शिक्षक या नात्यानें’ असा भलताच अर्थ लागतो आणि पुढच्या ‘अ‍ॅज’शीं त्याची टक्कर होते. ‘सो ग्रेट अ मॅन’, ‘टू हेवी अ लोड’ हीं याच जातीचीं. आणि समानता व आधिक्य एका दमांत सांगावयाचें असेल तेव्हां तर मोठमोठे लिहिणारेही घसरतात. ‘अ‍ॅज गुड ऑर बेटर दॅन हिज ब्रदर’ हें वाक्य वर्तमानपत्रांतून वारंवार भेटतें. यांत ‘अ‍ॅज गुड’चा दुसरा ‘अ‍ॅज’ मध्येंच गळाला. ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज ऑर बेटर दॅन’ असें लिहिलें तर व्याकरण सुटतें पण वाक्य लंगडतें. ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज हिज ब्रदर, ऑर बेटर’ असें पूर्ण करून मग पुस्ती जोडावी, म्हणजे व्याकरणही राहतें आणि चालही राहते.

आतां तुलना कशाची कशाशीं, हा प्रश्न. येथें मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे सारखेच ढिले असतात. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षां कोरडी आहे’ हें वाक्य मराठींत कोणी चुकीचें म्हणत नाहीं, कारण ‘मुंबईच्या हवेपेक्षां’ हें ऐकणारा मनांतल्या मनांत भरून घेतो. त्याचेंच शब्दशः इंग्रजी, ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज ड्रायर दॅन मुंबई’, हें मात्र काटेकोर वाचकाला खटकतें. हवेची तुलना शहराशीं झाली. ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’ असें लिहिलें पाहिजे, आणि नाम अनेकवचनी असेल तर ‘दॅट’च्या जागीं ‘दोज’. शिक्षकांच्या एखाद्या गाऱ्हाण्यांत ‘द सॅलरी ऑफ अ टीचर इज स्मॉलर दॅन अ क्लार्क’ असें लिहिलें गेलें, तर त्याचा अक्षरशः अर्थ शिक्षकाचा पगार हा कारकुनापेक्षां ठेंगणा आहे असा होतो. गाऱ्हाणें खरें असतें, पण वाचणारा साहेब आधीं हंसतो, आणि हंसलेल्या माणसाच्या हातून सहानुभूति लवकर सुटत नाहीं. या लहानशा ‘दॅट ऑफ’ची किंमत अशा वेळीं कळते.

शिफारसपत्रांतील दुसरी चूकही याच घरांतली. ज्याची तुलना करावयाची तो ज्या मंडळींतला असेल त्या मंडळींतून त्याला आधीं बाहेर काढावें लागतें, आणि तें काम ‘अदर’ हा शब्द करतो. ‘मुंबई इज लार्जर दॅन एनी अदर सिटी इन महाराष्ट्र’ हें बरोबर, कारण मुंबई महाराष्ट्रांत आहे. पण तुलना गोव्यांतील शहरांशीं असेल तर ‘मुंबई इज लार्जर दॅन एनी सिटी इन गोवा’ असें लिहावयाचें. तेथें ‘अदर’ घातला तर मुंबईच गोव्यांत जाऊन बसेल. तमवाचक रूपाचें वागणें याच्या उलट. ‘द लार्जेस्ट ऑफ ऑल द सिटीज’ म्हणावें, ‘ऑल अदर सिटीज’ म्हणूं नये, कारण सर्वांत मोठा म्हणावयाचा तो त्या सर्वांत असलाच पाहिजे. मराठीचा हाच विवेक ‘इतर सर्वांपेक्षां’ आणि ‘सर्वांत’ या दोन शब्दप्रयोगांत अगदीं चोख उतरलेला आहे. इंग्रजी लिहितांना तेवढें मराठी आठवलें तरी पुरे.

‘दॅन’च्या पुढें सर्वनाम कोणत्या विभक्तींत ठेवावें, यावर अडीचशें वर्षें भांडण चालू आहे. रॉबर्ट लौथ या धर्मोपदेशकानें १७६२ सालीं इंग्रजीचें एक लहानसें व्याकरण प्रसिद्ध केलें; ‘दॅन’च्या पुढें न लिहिलेलें क्रियापद मनांत धरावें आणि त्याप्रमाणें विभक्ति ठरवावी असा त्याचा पक्ष. त्या न्यायानें ‘शी इज टॉलर दॅन ही’ हें शुद्ध, कारण पुढें ‘इज’ अध्याहृत आहे. बोलण्यांत मात्र इंग्रज लोक सर्रास ‘दॅन हिम’ म्हणतात. ‘दॅन’ हा शब्द इतिहासदृष्ट्या ‘देन’च होय, एकाच शब्दाचीं हीं दोन रूपें सुमारें १७०० पर्यंत नीट वेगळीं झालेलीं नव्हतीं. (म्हणून ‘दॅन’च्या जागीं ‘देन’ लिहिणाऱ्या मुलानें तीनशें वर्षांपूर्वींचें इंग्रजी लिहिलें असें म्हणतां येईल, पण त्याबद्दल गुण मिळत नाहींत.) खरी अडचण विभक्तीची नाहीं, अर्थाची आहे. ‘सुमतीला गोविंदापेक्षां मालती अधिक आवडते’ या मराठी वाक्याचे अर्थ दोन होतात. सुमतीचा जीव गोविंदावर कमी आणि मालतीवर अधिक, हा एक. गोविंदाला मालती जितकी आवडते त्याहून सुमतीला ती अधिक आवडते, हा दुसरा. एकत्र कुटुंबांत अशा एका वाक्यावरून पंधरा दिवस अबोला राहूं शकतो. इंग्रजींतही ‘सुमती लाइक्स मालती मोअर दॅन गोविंद’ याची तीच गत. त्यावर उतारा म्हणजे अध्याहृत क्रियापद उघड लिहिणें. ‘दॅन गोविंद डज’ लिहिलें कीं एक अर्थ, ‘दॅन शी लाइक्स गोविंद’ लिहिलें कीं दुसरा. आणि असें क्रियापद लिहून टाकलें म्हणजे ‘ही’ कीं ‘हिम’ हा वादही निकालांत निघतो. लौथ याचाही मान राहतो आणि वाचणाराचाही.

‘सीनियर’, ‘जूनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द ‘दॅन’ घेत नाहींत, ‘टू’ घेतात. हे लॅटिनमधून तयार तरवाचक रूपांतच आलेले आहेत. ‘सीनियर’ म्हणजे मुळांत अधिक वृद्ध. त्यांतील ‘इअर’ हाही वर सांगितलेल्या ‘ईयस्’चाच नातलग. ‘प्रिफर’ या क्रियापदालाही ‘टू’च लागतो : ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. ‘पेक्षां’चें भाषांतर सर्वत्र ‘दॅन’ करणाऱ्या मराठी लेखकाला येथें हटकून ठेंच लागते.

आपल्या एकट्या ‘कमी’ शब्दाला इंग्रजींत दोन वाटेकरी आहेत. मोजतां येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, मोजमाप न होणाऱ्या राशीला ‘लेस’. ‘फ्यूअर बुक्स’, पण ‘लेस मिल्क’. हा भेद पुरातन आहे असें शाळेंत सांगतात, तें खरें नव्हे. १७७० सालीं रॉबर्ट बेकर नांवाच्या गृहस्थानें आपल्याला अशा ठिकाणीं ‘फ्यूअर’ अधिक बरा वाटतो असें लिहून ठेवलें, आणि एका माणसाची आवड पुढें सर्वांचा नियम होऊन बसली. इंग्लंडांत मोठमोठ्या दुकानांतून ‘दहा किंवा त्याहून कमी वस्तु’ घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीं स्वतंत्र खिडकी असते. तेथील पाटीवरच्या ‘लेस’वरून भाषाप्रेमी लोकांनीं इतका गदारोळ केला कीं, एका दुकानदारानें २००८ सालीं ‘अप टू टेन आयटम्स’ अशी पाटी करून वादांतून अंग काढून घेतलें. असें असलें तरी परीक्षेच्या पेपरांत किंवा कचेरीच्या पत्रांत हा नियम पाळलेलाच बरा. वाचणारा कोणत्या पक्षाचा आहे हें आपल्याला ठाऊक नसतें.

याहून नाजूक जागा म्हणजे ‘नो’ आणि ‘नॉट’. ‘नॉट लेस दॅन फिफ्टी’ याचा अर्थ निदान पन्नास. करारांत आणि नोटिशींत हाच शब्दप्रयोग हवा. ‘नो लेस दॅन फिफ्टी’ म्हटलें कीं त्यांत आश्चर्य शिरतें : ‘चांगले पन्नास!’ घरभाड्याच्या करारांत पहिल्याच्या जागीं दुसरा पडला तर कायदा बहुधा कोसळणार नाहीं, पण घरमालक थक्क होऊन बोलत आहे असा भास होईल. ‘नो मोअर’ने तर भाषांतरकारांना पुष्कळ फसविलें आहे. ‘अ बॅट इज नो मोअर अ बर्ड दॅन अ रॅट इज’ या वाक्याचें ‘वटवाघूळ हें उंदरापेक्षां अधिक पक्षी नाहीं’ असें भाषांतर केलें तर ऐकणाराला वाटतें कीं उंदीरही थोडासा पक्षी असावा. इंग्रजीचा आशय असा कीं, उंदीर जसा पक्षी नव्हे तसेंच वटवाघूळही पक्षी नव्हे. येथें ‘दॅन’च्या पुढची गोष्ट उघड असंभाव्य असते आणि तिच्या जोरावर पहिली गोष्ट खोडून काढलेली असते. मराठींत ‘जसा… तसा’ घेऊनच हें सांगावें लागतें. ‘पेक्षां’ येथें उपयोगाचा नाहीं.

‘जितकें वाचावें तितकें अधिक समजतें’ या धर्तीचीं वाक्यें मात्र मराठी माणसाला सुखाचीं आहेत. ‘द मोअर यू रीड, द मोअर यू अंडरस्टँड.’ येथील ‘द’ हें नेहमींचें उपपद नव्हे. जुन्या इंग्रजींत दर्शक सर्वनामाची एक तृतीया विभक्ति होती, ‘तेवढ्यानें’ या अर्थाची. तिचा हा उरलेला अवशेष. म्हणजे अगदीं आपल्या ‘जितक्यानें… तितक्यानें’सारखी जोडी. हें ध्यानांत आलें म्हणजे दोहोंपैकीं एक ‘द’ गाळण्याची चूक होत नाहीं, कारण ‘जितकें’ ठेवून ‘तितकें’ कोणी गाळीत नाहीं.

फरक किती, हें सांगण्याची मराठीची श्रीमंती मोठी आहे. ‘काकणभर सरस’, ‘सवाई’, ‘वरचढ’, ‘उजवा’ हे शब्द पहा. ‘सवाई’ म्हणजे सव्वा पट. तुलना आणि तिचें माप एकाच शब्दांत आलें, आणि १७७४ सालीं जन्मलेल्या पेशव्याच्या नांवाला तें कायमचें चिकटलें. इंग्रजींत अशा मापाचे शब्द तरवाचक विशेषणापूर्वीं ठेवतात : ‘मच बेटर’, ‘फार बेटर’, ‘अ लिटल बेटर’, आणि काकणभर सरसासाठीं ‘अ शेड बेटर’. तेथें ‘व्हेरी’ चालत नाहीं. आपला ‘फार’ हा ‘फार चांगला’ आणि ‘त्याहून फार चांगला’ या दोन्ही ठिकाणीं निभावतो, म्हणून ‘व्हेरी बेटर’ हें रूप आपल्या लेखणींतून इतकें सहज उतरतें. ‘एकाहून एक सरस’ याचें शब्दशः इंग्रजी होतच नाहीं. ‘ईच बेटर दॅन द लास्ट’ असें म्हणून इंग्रज तोच आनंद व्यक्त करतो.

‘यूनीक’, ‘परफेक्ट’ यांसारख्या शब्दांना मुळींच तरतम नसतो असें कांहीं शिक्षक बजावून सांगतात. त्यांना १७८७ सालच्या अमेरिकेच्या राज्यघटनेचें पहिलें वाक्य दाखवावें. तेथें ‘परफेक्ट’ला ‘मोअर’ लावलेला आहे आणि त्यावर एक राष्ट्र उभें राहिलें आहे. ‘यूनीक’च्या बाबतींत मात्र शिक्षकांचें ऐकावें.

मास्तरांनीं मुलासाठीं लिहावयाचें वाक्य, तेव्हां, असें : ‘ही इज मोअर इंटेलिजंट दॅन एनी अदर बॉय इन द क्लास.’ वर्गांत दुसराही एक तेवढाच हुशार मुलगा असेल आणि मास्तरांना खोटें लिहावयाचें नसेल, तर ‘अ‍ॅज इंटेलिजंट अ‍ॅज एनी बॉय इन द क्लास’ असें लिहावें. म्हणजे याच्या वर कोणी नाहीं एवढेंच त्यांत येतें, बरोबरीचा कोणी नाहीं असें येत नाहीं, आणि या वाक्यांत ‘अदर’चीही गरज पडत नाहीं. पुढच्या वाक्यांत वर्गांत मुलें किती होतीं तो आंकडा घालावा. साठांत पहिला आणि बारांत पहिला हे एकच नव्हेत, आणि पत्र वाचणाराला तें विचारावयास मास्तर समोर नसतात.